नॉक झालेल्याला गोळी घालायची का? लढाईच्या गेमना युद्धाचे नियम हवेत का?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, नमस्कार. लातूर तालुक्यातल्या एका गावात मी हायस्कूलला इतिहास शिकवतो. गेल्या आठवड्यात घरात जे पाहिलं ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

माझा थोरला नववीत आहे. रात्री जेवणं झाल्यावर तो आणि त्याचे तीन मित्र ओट्यावर बसून बीजीएमआय (पब्जीचा भारतासाठीचा अवतार) खेळत होते. मी मागं उभा राहून बघत होतो. समोरच्या संघातला एक जण गोळी लागून पडला आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीआड जायला लागला. आमचं पोरगं ओरडलं, "नॉक आहे, नॉक आहे, फिनिश कर!" दुसऱ्यानं जवळ जाऊन त्याला संपवलं. चौघंही हसले. मी म्हटलं, "अरे, तो तर पडला होता." मान वर न करता उत्तर आलं, "पप्पा, गेम आहे."

गेम आहे हे मलाही कळतं. पण त्याच दुपारी वर्गात मी दुसरं महायुद्ध शिकवलं होतं. त्या युद्धानंतर १९४९ मध्ये जिनिव्हा करार झाले, जखमी आणि शरण आलेल्या सैनिकाला मारायचं नाही असं जगानं ठरवलं, हेही सांगितलं होतं. पोरांनी वहीत लिहून घेतलं. रात्री तीच पोरं रांगणाऱ्याला मारून हसतात.

गेम बंद करा असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा आमच्या गावात पोरांनी दुसऱ्या दिवशी दुसरा गेम शोधला. माझा प्रश्न एवढाच, की गेम युद्धाचा आहे तर युद्धाचे नियम त्यात असावेत का? नियम मोडला तर निदान काही तोटा व्हावा का?

हिंगोलीचा_गेमर

सर, मी तेवीस वर्षांचा आहे, पब्जी आलं तेव्हापासून खेळतो. तुम्हाला वाईट का वाटलं ते कळलं, पण नॉक म्हणजे काय ते नीट बघा. नॉक झालेला बाद झालेला नसतो. त्याचा साथीदार जवळ आला की दहा सेकंदांत तो परत उभा राहतो आणि बंदूक घेऊन आपल्याच मागं लागतो. वरून पडल्यापडल्या माइकवर सांगत असतो, "पिवळ्या घरात आहे, वरच्या खिडकीत आहे." त्याला सोडला तर आपला सगळा स्क्वॉड जातो.

आणि आपल्याकडच्या गेममध्ये रक्त हिरवं दाखवतात, 'किल' न लिहिता 'फिनिश' लिहितात. काळजी घेतलेली आहे.

शीतल_जालना

रक्त हिरवं केलं, तरी रांगणारा माणूस रांगतोच आहे ना?

नांदेडकर_वकील

गेमर भाऊंचा मुद्दा कायद्याच्या अंगानं पोकळ नाही. थोडं सविस्तर लिहितो.

जखमी सैनिकाला सांभाळा, त्याच्यावर हल्ला करू नका, हे पहिल्या जिनिव्हा कराराच्या बाराव्या कलमात आहे. भारतानं चारही करार १९५० मध्ये मान्य केले, १९६० मध्ये त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाही झाला. १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात भारत सामील नाही, पण त्यातलं ४१ वं कलम इथं कामाचं आहे. जखमेमुळे लढायला असमर्थ झालेल्यावर हल्ला करायचा नाही. मात्र त्यानंही शत्रुत्वाची कृती करायची नाही आणि पळून जायचा प्रयत्न करायचा नाही.

आता सरांच्या ओट्यावरचं प्रकरण बघा. गुडघ्यांवर रांगत भिंतीआड जाणारा जीव वाचवतोय की पळतोय? माइकवर शत्रूची जागा सांगणारा जखमी आहे की टेहळणी करतोय? माझं मत असं, की जागा सांगतोय तोवर तो लढतोय. गप्प पडलाय, हातात काही नाही, तर त्याला मारणं हा प्रत्यक्ष युद्धात गुन्हा आहे.

विमानातून उडी मारणाऱ्यांचंही तसंच. विमान कोसळताना जीव वाचवायला पॅराशूट उघडणाऱ्यावर गोळी चालवता येत नाही, ४२ वं कलम. पण लढायलाच उतरणाऱ्या छत्रीधारी सैनिकाला हे संरक्षण नाही. बीजीएमआयमध्ये शंभर जण उतरतात ते लढायलाच, त्यामुळे हवेत असताना गोळी लागली तर तक्रार चालणार नाही.

हिंगोलीचा_गेमर

वकीलसाहेब, हवेतल्याचं वाचून आमच्या ग्रुपवर टाकलं. काल रात्रीपासून पोरं एकमेकांना कलम ४२ सांगायलेत.

बालाघाटी (बीड)

मला हा धागाच पटत नाही. नियम पाळणारा एक आणि न पाळणारा दुसरा, असं युद्ध आपण पाहिलंय. १९९९ मध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या साथीदारांना जिवंत पकडलं आणि काय हाल करून मृतदेह परत दिले ते विसरलात का? तिथं जिनिव्हा कुठं होतं? लेकरांना जीव वाचवायला शिकवायचं सोडून शत्रूला सोडायला शिकवायचं?

निवृत्त_सुभेदार

बालाघाटी, कालियासाहेबांचं नाव निघालं की आजही माझी मूठ आवळते, त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. पण त्याच कारगिलची दुसरी बाजूही सांगतो.

पाकिस्ताननं स्वतःच्याच सैनिकांचे मृतदेह घ्यायला नकार दिला तेव्हा आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणं दफन केलं. टायगर हिलवर त्यांचा कॅप्टन कर्नल शेर खान शेवटपर्यंत लढला. ('कर्नल' हे त्याचं नावच.) आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवून दिली, की हा फार शौर्यानं लढला. पुढे त्याला त्यांचा सर्वोच्च सन्मान, निशान-ए-हैदर मिळाला. शत्रूची अशी शिफारस करणारी फौज कमजोर होती का? शिखर तर आपणच घेतलं.

१९७१ ला त्र्याण्णव हजार कैदी आपल्या ताब्यात होते. शरण या, तुम्हाला जिनिव्हा कराराप्रमाणं वागवू, असा शब्द माणेकशांनी दिला होता म्हणूनही ते शरण आले. शरण गेलो तरी मारणार हे ठाऊक असेल तर समोरचा शेवटच्या गोळीपर्यंत लढतो आणि त्यात आपलीच पोरं जास्त जातात. नियम पाळण्यात माणुसकी आहेच, पण फौजेचा फायदाही आहे. भरती झाल्यापासून हे आमच्या कानावर घालतात.

नातवाचा गेम मी दोन संध्याकाळी बसून बघितला. बंदुका, स्कोप, ग्रेनेड सगळं बारकाईनं केलंय. पण हात वर करायची सोयच नाही! शरण जायचं तर कसं जायचं? शरण आलेल्याला घ्यायचं तर कसं घ्यायचं? जखमी शत्रूला पट्टी बांधायची तर तीही बांधता येत नाही, फक्त आपल्याच माणसाला उठवता येतं. मग पोरानं दया दाखवायची ठरवलं तरी ती दाखवायची कुठून?

शीतल_जालना

सुभेदार काका, हा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

बालाघाटी (बीड)

काका, तुम्ही तिथं होतात, मी नव्हतो. ऐकून घेतो. पण कालियांच्या आईवडिलांना न्याय मिळाला नाही, हेही इथं लिहिलेलं असू द्या.

तेरचा_वारकरी

आमच्याकडं नियम जिनिव्हाच्याही आधीचे. भीष्मपर्वात लढाई सुरू होण्याआधी दोन्ही बाजू ठरवतात: रथी रथीशी लढेल, घोडेस्वार घोडेस्वाराशी. रणातून बाहेर पडलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्याला मारायचं नाही. सारथी, ओझ्याची जनावरं, शस्त्रं पुरवणारे, शंख-नगारा वाजवणारे यांना हात लावायचा नाही.

आणि पुढं एकेक नियम मोडला जातो. अभिमन्यू, द्रोण, कर्ण, दुर्योधनाची मांडी, आणि शेवटी अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांना मारतो. महाभारत काहीच झाकत नाही. पण मोडणाऱ्याच्या पदरात काय पडलं तेही सांगतं. अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी गेला, जखम राहिली. माझ्या मते गेममध्येही नियम मोडता यावा, फक्त त्याची जखम राहावी.

खडकी_ते_देवगिरी

देवगिरीचा किल्ला म्हणजे मला कायम गेमचा नकाशाच वाटत आलाय. खंदक, एकच अरुंद वाट, मग ती अंधारी. शत्रू आत शिरला की वाट चुकून मरणार. कित्येक शतकांपूर्वीचे लोक किती डोकेबाज होते! (अवांतर झालं, माफी. चालू द्या.)

परभणीची_पुण्यात

मी एका गेम स्टुडिओत चाचणीचं काम करते, म्हणून या विषयात थोडी माहिती आहे.

सर, तुमचा प्रश्न रेड क्रॉसनं आधीच मांडलाय. २०११ च्या शेवटी जिनिव्हात त्यांच्या परिषदेच्या निमित्तानं यावर चर्चा झाली आणि 'आता गेम खेळणारे युद्धगुन्हेगार ठरणार' अशा बातम्या जगभर झाल्या. त्यांना खुलासा करावा लागला, की कायदा खऱ्या युद्धालाच लागू आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. गेम गुळगुळीत करू नका, नियम मोडण्याची शक्यताही काढू नका. पण मोडला तर तोटा आणि पाळला तर फायदा दिसू द्या. म्हणजे तेरच्या वारकऱ्यांचा अश्वत्थामाच.

त्याच्याही आधी, २००९ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या दोन संस्थांनी वीसेक गेम खेळून तपासले होते. घरंदारं उद्ध्वस्त करणं, कैद्यांचा छळ, साध्या लोकांवर गोळीबार, हे सर्रास सापडलं, आणि गेममध्ये त्याची शिक्षा क्वचितच.

करून दाखवलेलंही आहे. चेक कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हनं २०१७ मध्ये 'आर्मा ३' या गेमला 'लॉज ऑफ वॉर' ही जोड दिली. त्यात आपण सैनिक नसतो, युद्ध संपल्यावर गावातले सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब काढणारा माणूस असतो. एकाच गावाची गोष्ट वेगवेगळ्या बाजूंच्या माणसांकडून उलगडते. कमाईतला अर्धा वाटा, पावणेदोन लाख डॉलरच्या वर, रेड क्रॉसला दिला. दुसरा, पोलंडचा 'धिस वॉर ऑफ माइन', २०१४ चा. त्यात तर हातात फौजच नाही. वेढा पडलेल्या शहरात अन्न-औषधं शोधत जगणारी साधी माणसं, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेली. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून मी औषधं उचलली आणि पुढं गेम खेळवेना.

आणि सरांच्या ओट्यासाठी सर्वांत जवळचं: २०२३ मध्ये रेड क्रॉसनं 'फोर्टनाइट'मध्ये स्वतःचा एक खेळ बनवला. त्याचे नियम चार. पडलेल्या, प्रतिकार न करणाऱ्या शत्रूवर गोळी नाही. लढाईत नसलेल्यांवर हल्ला नाही. लोकांच्या इमारती लक्ष्य करायच्या नाहीत. औषध सगळ्यांना, शत्रूलाही.

मांजराकाठ (लातूर)

म्हणजे पहिलाच नियम माझ्या पोराचा! हे मला माहीत नव्हतं. फार आभार, ताई.

औषधालय_सेलू

रेड क्रॉसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे चिन्ह दुकानावर, डॉक्टरच्या गाडीवर लावायला आपल्याकडे बंदी आहे. ते लष्कराच्या वैद्यकीय पथकाचं आणि रेड क्रॉसचं. माझ्या दुकानावर वडिलांच्या वेळेपासून होतं, कळल्यावर मी पुसलं. तालुक्यात अजून निम्म्या पाट्यांवर आहे.

परभणीची_पुण्यात

अगदी बरोबर, आणि गेममध्येही तेच. 'प्रिझन आर्किटेक्ट'मधल्या रुग्णवाहिकेवर लाल क्रॉस होता म्हणून २०१७ मध्ये ब्रिटिश रेड क्रॉसनं कंपनीला बदलायला लावला. क्रॉस हिरवा झाला. लोक हसले, पण कारण खरं आहे. ते चिन्ह गेममधल्या 'हेल्थ'च्या डब्याचं झालं, तर रणात त्याच्याकडे बघून बंदूक खाली करणारं कुणी राहणार नाही.

पैनगंगाकाठ (हदगाव)

दोन दिवस लिहू की नको चाललं होतं.

आमची आजी सांगायची ते १९४८ चं. रझाकार येणार अशी हाकाटी झाली, की गाव रातोरात बैलगाड्या जुंपून पैनगंगा उतरून उमरखेडकडच्या कॅम्पात जायचं. नदीपलीकडे निजामाचं राज्य नव्हतं. एकदा गेले ते महिन्यांनी परतले. आजी म्हणायची, दाराच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या होत्या. पेवातली ज्वारी गेली होती. जातं तेवढं होतं, जड म्हणून. त्या जात्याला धरून ती रडली होती.

माझा भाचा तो गेम खेळतो. विमानातून उतरला की पहिलं काम घरात शिरायचं आणि लूट करायची. 'लूट' हाच शब्द वापरतात. मी विचारलं, "ही घरं कोणाची रे?" म्हणाला, "कोणाचीच नाहीत, मामा." गावंच्या गावं, शाळा, दवाखाना, शेतं, आणि माणूस एक नाही. मला आजीचं गाव आठवलं. नॉकचं तुमचं तुम्ही ठरवा. मला त्या घरात एक ताट-वाटी ठेवलेली हवी. कुणीतरी इथं जेवत होतं, एवढं पोराला दिसावं.

नांदेडकर_वकील

चौथ्या जिनिव्हा कराराचं ३३ वं कलम लुटीला सरळ मनाई करतं. पण तुमच्या ताट-वाटीपुढं कलम काय सांगू.

शम्स_धाराशिव

पैनगंगाकाठ, तुमच्या आजींचं वाचून आमच्या दादींचं लिहितो. वाद घालायला नाही, तुमच्याच गोष्टीला जोडून.

१३ सप्टेंबरला फौज आली, १७ ला निजामानं हार मानली. लढाई पाच दिवसांत संपली. आमच्या घरातले दोघे गेले ते त्यानंतर. दोघांपैकी कुणाकडे हत्यार नव्हतं, कुणी रझाकार नव्हतं. एक शिंपी होता. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्यानंतरच्या हिंसाचारातल्या मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचं उस्मानाबाद आणि तुमचं नांदेडही होतं. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला.

माझे दादा, म्हणजे आजोबा, वाचले, कारण शेजारच्या पाटलांनी त्यांना अकरा दिवस कडब्याच्या गंजीत लपवलं. भाकरी घेऊन पाटलीणबाई स्वतः जायच्या. त्या घरी आजही पोळ्याला पहिला मान आमच्याकडच्या गोडाचा असतो.

जिनिव्हा करार १२ ऑगस्ट १९४९ चे, आमचं सगळं त्याआधी वर्षभर. पण पाटलांना करार लागला नाही. सरांचा मुलगा हसला ते मला वाईट नाही वाटलं, लेकरू आहे. फक्त पडलेल्याला मारलं तर गुण मिळतात, हे ज्यानं ठरवलं तो मोठा माणूस आहे. त्याच्याशी माझं भांडण आहे.

पैनगंगाकाठ (हदगाव)

शम्सभाई, तुमच्या दादींना आणि त्या पाटलीणबाईंना माझा नमस्कार.

ऊसफड (गेवराई)

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं येगळं हाय. आमी नवरा-बायको सहा महिने कारखान्यावर असताव. लेकरू आजीजवळ. आजीला मोबाइल कळत न्हाई. अठराच्या आतल्याला तीन तासाच्या वर खेळू देत न्हाईत म्हणत्यात, पण ओटीपी आजीच्या फोनवर येतो आन् फोन लेकराच्याच हातात असतो. गेममदी नियम टाका, टाकायलाच पायजेत. पण त्याच्याबरं बसून "पडल्याला मारू नको" म्हणणारं कोन हाय तिथं? सरांच्या पोराला मागं उभा राहून बगणारा बाप तरी हाय.

मांजराकाठ (लातूर)

ताई, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या शाळेतही तुमच्यासारख्या घरची अकरा मुलं आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर बसायचं, खेळ बघायचा, बोलायचं, असं मी ठरवलंय. पुढं काय होतं ते इथं लिहीन.

घरातलं सांगतो. हा धागा मुलाला वाचायला दिला. शम्सभाईंचा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पप्पा, मी एकट्यानं नाही मारलं तर आमचा स्क्वॉड हरणार. सगळ्यांनी पाळलं तरच जमेल." बालाघाटींचा मुद्दा त्याच्या तोंडून आला, आणि तो खरा आहे.

हिंगोलीचा_गेमर

सर, मग सगळ्यांनीच पाळू. कस्टम रूम करता येते, त्यात आपलीच पोरं. चार स्क्वॉड, सोळा जण. नियम एकच, नॉकला गोळी नाही. चौघंही नॉक झाले की गेम स्वतःच तो संघ बाद करतो, त्यामुळे निकालही लागतो. माझा एक स्क्वॉड, तुमच्या पोराचा एक. अजून दोन पायजेत.

खडकी_ते_देवगिरी

आमच्या कॉलनीतला एक.

निवृत्त_सुभेदार

नातू आणि त्याचे मित्र. मी शेजारी बसेन.

हिंगोलीचा_गेमर

काल रात्री दोन सामने झाले. वृत्तांत देतो.

पहिल्यात चौथ्याच मिनिटाला माझ्याच पोरानं नॉकला फिनिश केलं. हात सवयीनं गेला म्हणाला. भांडण झालं, सामना सोडून दिला.

दुसरा पूर्ण झाला आणि मी इतक्या वर्षांत असा खेळ खेळलो नव्हतो. पडलेल्याला मारता येत नाही म्हटल्यावर त्याच्यावर नजर ठेवायला एक माणूस मागं ठेवावा लागतो. म्हणजे पुढं तीनच जातात. त्याला उचलायला कोण येतो, कुठून येतो, हे आधी ओळखावं लागतं. अवघड झालं, पण सोपं मारण्यापेक्षा डोकं जास्त लागलं. सरांच्या पोराचा स्क्वॉड जिंकला.

वाद एकच. नॉक झालेला माझा माणूस माइकवर जागा सांगत होता आणि सुभेदार काकांच्या नातवाचे दोघं त्याच्यामुळं पडले. नातू म्हणाला, ही तर फसवणूक. वकीलसाहेब, निकाल द्या.

नांदेडकर_वकील

नातवाच्या बाजूनं. संरक्षण हवं तर लढणं थांबवलं पाहिजे. पुढच्या वेळी नियम असा लिहा: नॉक झाला की माइक बंद. माइक बंद त्याला गोळी नाही, चालू ठेवला तर तो लढतोय.

निवृत्त_सुभेदार

मान्य. हात वर करायची सोय नव्हती ना, ही झाली.

हिंगोलीचा_गेमर

मंजूर. रविवारी रात्री नऊ. रूमचा आयडी व्यनिनं (खासगी निरोपानं) पाठवतो.

ऊसफड (गेवराई)

आमच्या पोराला घेता का? आजीच्या फोनवरून खेळल. सातवीत हाय.

मांजराकाठ (लातूर)

घेतो ताई. माझ्या मुलाच्या स्क्वॉडमधला एक रविवारी लग्नाला जाणार आहे, ती जागा त्याची. आजींचा नंबर मला व्यनि करा, साडेआठला मी स्वतः फोन लावतो.